पी ०४२० कोड, स्मॉग टेस्ट आणि कॅट कन्व्हर्टर: स्कॅनरवर नक्की काय बघायचं?

मिलपिटासकर
नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. गाडी २०१२ ची चार सिलिंडरची जपानी सेडान, पेट्रोल, सव्वा लाखाच्या वर मैल झालेत. डीएमव्हीची (इथलं आरटीओ) रजिस्ट्रेशनची नोटीस आलीय, त्यावर यंदा स्मॉग, म्हणजे प्रदूषणाची टेस्ट, लागणार असं लिहिलंय आणि नेमका त्याच सुमारास चेक इंजिनचा दिवा लागला. घरात ब्लूटूथवालं ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा डाँगल) होतं ते लावलं तर पी ०४२०. जवळच्या एका दुकानात दाखवली, त्याने कोड वाचला आणि बॉनेट न उघडताच सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा, म्हणजेच कॅट) गेला, कॅलिफोर्नियाला चालणारा पार्ट लागेल, मजुरी धरून अडीच हजार डॉलर. गाडी चालायला एकदम ठीक आहे हो, पिकअप तोच, मायलेज तेच. एक मित्र म्हणतो कोड उडव आणि तसाच जाऊन स्मॉग करून ये. काय करू? अडीच हजार डॉलर नुसत्या कोडवर घालवायला जिवावर येतंय.

कॅलिब्रेशनवाला
थांबा, दोन्ही करू नका. कॅटही घेऊ नका आणि कोडही उडवू नका. मी मिशिगनमध्ये ओबीडी कॅलिब्रेशनचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मित्राच्या सल्ल्याबद्दल. २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात आता सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजत नाहीत, २०१५ पासून गाडीच्या कॉम्प्युटरलाच प्रश्न विचारतात. त्यातला एक प्रश्न म्हणजे रेडिनेस. गाडी स्वतःच्या प्रत्येक यंत्रणेची तपासणी चालवते, कॅट, ऑक्सिजन सेन्सर, सेन्सरचा हीटर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) असेल तर ते, पेट्रोलच्या वाफेची इव्हॅप सिस्टिम, वगैरे. कोड उडवला की हे बहुतेक मॉनिटर शून्यावर येतात आणि स्कॅनरवर नॉट रेडी किंवा इन्कम्प्लीट दिसतात. तुमच्या गाडीला तिथे फक्त इव्हॅप अपूर्ण असलेला चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. म्हणजे कोड उडवून तसेच गेलात तर दिवा बंद असूनही नापास, आणि टेस्टचे पैसे गेले ते वेगळे.

शिवाय तुमची गाडी २०१० नंतरची, त्यामुळे पर्मनंट कोड पण बघतात, जुलै २०१९ पासून. हा कोड स्कॅनरने उडत नाही, बॅटरी काढली तरी जात नाही. मॉनिटर पुन्हा चालून पास झाला तरच कॉम्प्युटर तो स्वतः पुसतो. कोड उडवल्यापासून १५ वॉर्म अप सायकल (थंड इंजिन चालू करून गरम होणं म्हणजे एक) आणि २०० मैल दोन्ही झाले असतील तर तो धरत नाहीत, पण तोवर खरा दोष असेल तर साधा कोड परत आलेलाच असतो.

आता कॅटबद्दल. पी ०४२० चा अर्थ इतकाच की बँक १ च्या (पहिला सिलिंडर असलेल्या बाजूच्या) कॅटची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली मोजली गेली. मोजली गेली, हे लक्षात घ्या. मोजणारा सेन्सर, त्याच्यापर्यंत पोचणारा धूर, मधले जोड, इंजिनचं मिश्रण, यातलं काहीही बिघडलं तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून खालच्या गोष्टी बघून इथे टाका:
- फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा स्पीड, आरपीएम, कूलंट तापमान
- शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते, आयडलला आणि २५०० आरपीएमला
- मागच्या (कॅटनंतरच्या) ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज, ग्राफ करून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर
- मोड ०६ (गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांचे आकडे) मध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर बँक १ ची व्हॅल्यू आणि लिमिट
- मिसफायर काउंट, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल किती वेळा नीट पेटलं नाही ते

मोड ०६ स्वस्तातल्या डाँगलवर पण दिसतो, टॉर्क प्रो, कार स्कॅनर, ओबीडी फ्यूजन यातलं कुठलंही ॲप चालेल.

गॅरेजवाला_नाशिक
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझं गॅरेज आहे, आमच्याकडे पण हेच चालतं, कोड आला की कॅटकॉन बदला. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, ऑइल किती पितेय गाडी आणि मधे कधी गाडी झटके मारत होती का. कॅटकॉन आपणहून क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारतं. कॉइल किंवा प्लग खराब झाला की न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर तो यासाठीच, तेव्हा गाडी दामटवायची नाही. ऑइल जळत असेल तर त्यातल्या फॉस्फरस आणि झिंकचा थर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट जात असेल तरी तेच. मूळ कारण न काढता नवीन बसवला तर नवीन पण काही दिवसांनी मरणार आणि गिऱ्हाईक परत दारात.

सावली_एनजे
आमच्याकडे न्यू जर्सीत थोडं सैल आहे, २००१ नंतरच्या गाडीला कुठलाही एक मॉनिटर अपूर्ण असला तरी चालतो. पण दिवा लागलेला असेल तर नापासच.

एक विचारू का, मागचा सेन्सर नेमकं काय दाखवतो? मी ग्राफ बघते पण चांगला कुठला आणि वाईट कुठला कळत नाही.

कॅलिब्रेशनवाला
@सावली_एनजे, चांगला प्रश्न आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

कॅटच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात आणि त्यांच्याखाली सिरियाचा थर असतो. तो सिरिया रांजणासारखं काम करतो, धुरात ऑक्सिजन जास्त आला की साठवतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढे मिश्रण सारखं वरखाली होत असलं तरी कॅटच्या मागे ऑक्सिजनची पातळी स्थिर राहते. गरम, चांगल्या कॅटमागचा सेन्सर एकसारख्या वेगाने चालताना साधारण ०.६ ते ०.७५ व्होल्टवर शांत बसलेला दिसतो. साठवण संपली की तो पण ०.१ ते ०.९ अशा उड्या मारायला लागतो.

आता यातल्या खोडी. एक, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो, तेव्हा मागचा सेन्सर शून्याजवळ येणारच, तो दोष नाही. दोन, बऱ्याच जपानी गाड्यांना पुढे साधा ऑक्सिजन सेन्सर नसून एअर फ्युएल रेशो सेन्सर असतो, त्याचा व्होल्टेज उड्या मारत नाही, तिथे लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, नेमकं असेल तर १) बघायचा आणि तो १ च्या आसपास असायला हवा. पुढचा स्थिर आणि मागचा पण स्थिर बघून लोक घाबरतात, काही कारण नाही. तीन, इंजिन नीट तापलेलं नसताना घेतलेला ग्राफ फेकून द्या, कॅट साधारण २५० ते ३०० डिग्री सेल्सियसच्या पुढे काम सुरू करतो आणि दाराशी उभं राहून आयडल करताना तो परत थंड होऊ शकतो.

लेझर थर्मामीटरने कॅटच्या पुढचं मागचं तापमान मोजायची जुनी पद्धत अजून यूट्यूबवर फिरतेय. आजच्या गाड्यांत मिश्रण इतकं नेमकं असतं की चांगल्या कॅटमध्येही जाळायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे फरक दिसला नाही म्हणून कॅट मेला असं म्हणता येत नाही. मी तरी त्यावर एक डॉलर खर्च करणार नाही.

मिलपिटासकर
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी हायवेवरून फिरवून आणली आणि सगळं टिपून घेतलं.

फ्रीझ फ्रेम: ४१ मैल वेग, इंजिन पूर्ण गरम, हलका थ्रॉटल. लाँग टर्म ट्रिम आयडलला +३, २५०० ला +२, शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास नाचतोय. मिसफायर सगळ्या सिलिंडरला शून्य. ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे डिपस्टिकवर फारसं उतरत नाही.

मागचा सेन्सर: २५०० आरपीएमला धरलं की ०.६८ ते ०.७४, एकदम सरळ रेघ. पण आयडलला सोडलं की ०.७ वरून झटकन ०.१५ पर्यंत खाली येतो, परत वर जातो, परत खाली, असं चालूच.

मोड ०६: कॅटॅलिस्ट बँक १, व्हॅल्यू ०.२२, मिनिमम ०.२५, फेल.

आणि एक, बायको म्हणतेय सकाळी गाडी चालू करताना समोरून टक टक टक असा आवाज येतो आणि थोड्या वेळाने जातो. मी कधी लक्ष दिलं नव्हतं, आज मुद्दाम ऐकला, खरंच येतोय.

गॅरेजवाला_नाशिक
वहिनींनी बरोबर पकडलंय. एक्झॉस्ट लीक आहे. थंडीत फट उघडी असते, लोखंड तापून फुगलं की बुजते आणि आवाज जातो. आधी ते बघा.

कॅलिब्रेशनवाला
हो, आकडे पण तेच सांगतायत. कॅट खरोखर मेलेला असता तर २५०० ला मागचा सेन्सर असा सरळ रेघेत बसला नसता. आयडलला प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्यामधे पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं ऑक्सिजन आला आणि व्होल्टेज खाली पडतो. आरपीएम वाढला की धुराचा दाब सतत बाहेरच्या दिशेने राहतो आणि हवा आत यायची थांबते. ट्रिम फारसा बिघडलेला नाही म्हणजे गळती पुढच्या सेन्सरच्या मागे असणार, मॅनिफोल्ड आणि कॅट यांच्यातल्या जोडाजवळ शोधा.

मोड ०६ वाचताना एक काळजी. तुमच्या गाडीत मिनिमम दिलाय म्हणजे व्हॅल्यू त्याच्या वर हवी, बहुधा ऑक्सिजन साठवण मोजत असणार. काही कंपन्या उलट करतात, मॅक्सिमम देतात आणि व्हॅल्यू त्याखाली लागते. लोक नुसता आकडा मोठा की लहान ते बघतात, लिमिट कुठल्या बाजूची आहे ते बघत नाहीत. ०.२५ ला ०.२२ म्हणजे अगदी काठावरचं फेल आहे, रिकामा झालेला कॅट इतका जवळ नसतो.

गळती घरी शोधायची पद्धत: इंजिन बंद आणि पूर्ण थंड. व्हॅक्यूम क्लीनरला हवा बाहेर फेकायची सोय असते, ती नळी सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून लावा, फार घट्ट नको. मग स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत प्रत्येक जोडावर मारा. जिथे फेसाचे बुडबुडे फुगतील तिथे फट. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकस्टँड लावल्याशिवाय नको, नुसत्या जॅकवर कधीच नको.

कोथरूडची_अदिती
वाचतेय, फार छान धागा. मधेच घुसते. पुण्यात आमच्या बीएस-६ गाडीची बॅटरी बदलली, तेव्हापासून ॲपमध्ये चार मॉनिटर नॉट रेडी दिसतायत. पुढच्या महिन्यात पीयूसी संपतेय. नापास करतील का?

गॅरेजवाला_नाशिक
नाही ताई. आपल्याकडच्या पीयूसीत गाडीच्या कॉम्प्युटरला काही विचारत नाहीत, सायलेन्सरमध्ये प्रोब घालून धूर मोजतात. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि २५०० च्या आसपास आरपीएम नेऊन लॅम्डा बघतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. बॅटरी काढली की मॉनिटर रिसेट होणारच, रोजच्या चालवण्यात हळूहळू भरतात.

फक्त एक करा, पीयूसीला जाताना घराच्या कोपऱ्यावरच्या सेंटरवर थंड गाडी नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम गाडी न्या म्हणजे कॅटकॉन तापलेला असतो, आकडे खरे येतात. आणि प्रोब नीट आत घालायला लावा, नुसता टेकवून फोटो काढणारे आहेत, त्याचा आपल्याला काय उपयोग? गाडी खरंच काय सोडतेय ते कळायला हवं ना.

सावली_एनजे
माझ्याकडे इव्हॅप कधीच पूर्ण होत नाही, काही युक्ती?

कॅलिब्रेशनवाला
टाकी अर्धी ठेवा. साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे पेट्रोल असेल तरच बहुतेक गाड्या ती टेस्ट सुरू करतात, लोक नेमकं फुल्ल करून फिरतात. गाडी रात्रभर थंड पडू द्या, सकाळी कूलंट आणि बाहेरच्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं हवं. कडाक्याच्या थंडीत चालतच नाही, तुमच्याकडे जानेवारीत अडकणं साहजिक आहे.

मिलपिटासकर
सापडलं! मॅनिफोल्ड आणि कॅटच्या जोडाला दोन बोल्ट आहेत, त्यातल्या आतल्या बाजूच्या बोल्टची स्प्रिंग गंजून तुटलीय आणि तिथली गॅस्केट एका कडेला जळून गेलीय. साबणाचं पाणी मारलं तर तिथून फेस नुसता वर येत होता आणि शेजारच्या हीट शील्डवर काळा पट्टा उमटलाय. बाकी सगळे जोड कोरडे. गॅस्केट, दोन बोल्ट, दोन स्प्रिंग, सगळे मिळून चाळीस डॉलरच्या आत. बोल्ट गंजलेले म्हणून दुसऱ्या एका मेकॅनिककडून बसवून घेतो.

आता बसवल्यावर कोड उडवू का तसाच ठेवू?

कॅलिब्रेशनवाला
वेळ असेल तर उडवू नका. लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून, चालवून बंद करणं म्हणजे एक) कॅटची टेस्ट पास झाली की कॉम्प्युटर दिवा स्वतःच बंद करतो, पर्मनंट कोडही त्याबरोबर जातो आणि बाकीचे मॉनिटर पूर्ण आहेत ते तसेच राहतात. उडवलात तर सगळंच पहिल्यापासून. कोड लावायलाही बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन सायकल फेल व्हाव्या लागतात, म्हणजे जाता येता दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर खात्री करून घेतो.

कॅटचा मॉनिटर चालण्यासाठी आधी ऑक्सिजन सेन्सरचा पूर्ण व्हावा लागतो. इंजिन गरम, ४५ ते ६० मैलाच्या मधे एकाच वेगाने काही मिनिटं, क्रूझ लावलात तर उत्तम, मधे पाय काढून गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं, ब्रेक न मारता. ट्रॅफिकच्या वेळी ८८० हायवेवर निघालात तर होणार नाही, रविवारी सकाळी निघा. नेमकी पद्धत तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

आणि मुदत जवळ आली असेल तर डीएमव्हीची फी वेळेत भरून टाका, स्मॉग बाकी असला तरी भरता येते, निदान दंड तरी लागत नाही.

तात्या_फ्रिस्को
माझ्या शेजाऱ्याने मागच्या सेन्सरला स्पेसर लावून हा कोड घालवला, वीस डॉलरात काम. तेही आहे.

कॅलिब्रेशनवाला
तात्या, कृपा करून हे कोणाला सुचवू नका. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली ती छेडछाड आहे, बेकायदेशीर आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सेन्सरला धुरापासून लांब नेल्याने धूर स्वच्छ होत नाही, फक्त आपल्याला दिसायचा बंद होतो. तो धूर शाळेच्या दारात गाड्यांच्या रांगेत उभी असलेली आपलीच पोरं घेतात.

गॅरेजवाला_नाशिक
अगदी मनातलं बोललात. आपल्याकडे कॅटकॉन फोडून आतला खडा काढून रिकामा डबा परत बसवतात, पिकअप वाढतो म्हणून सांगतात आणि खड्यातले धातू वर विकतात. गिऱ्हाइकाला कळत पण नाही. कॅटकॉन बदलायचाच असेल तर जुना पार्ट समोर मागा आणि हलवून बघा, आत खुळखुळतंय का.

मिलपिटासकर
अपडेट. गॅस्केट आणि बोल्ट बसले, सकाळचा टकटक आवाज बंद. कोड उडवला नाही. नंतर हायवेवर तुम्ही सांगितलंत तसं चालवत राहिलो आणि आज सकाळी ऑफिसला जाताना दिवा आपोआप गेला. मोड ०६ आता ०.३१, मिनिमम ०.२५, पास. आयडलला मागचा सेन्सर ०.६ च्या वरच राहतोय, क्वचित थोडा खाली येतो. पर्मनंट कोडच्या यादीत काही नाही. सगळे मॉनिटर पूर्ण. दुपारी स्मॉग केला, पास!

कॅलिब्रेशनवाला
अभिनंदन! आता खरं सांगतो, ०.३१ म्हणजे कॅट तरुण नाही. वय झालंय त्याचं, पण काम करतोय. ती व्हॅल्यू अधूनमधून बघून कुठेतरी लिहून ठेवा, उतरत गेली तर पुढच्या स्मॉगच्या आधी तयारी करता येईल. बदलायची वेळ आलीच तर कॅलिफोर्नियात कार्बचा (राज्याचं हवा मंडळ) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर कोरलेलाच घ्यावा लागतो, ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे बाकीच्या राज्यांसाठीचे असतात आणि स्मॉगवाला नंबर बघून परत पाठवतो. न्यू यॉर्कलाही तसंच. ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनी आधी वॉरंटी बघा, कॅट आणि इंजिन कॉम्प्युटरला फेडरल वॉरंटी ८ वर्षं किंवा ८०,००० मैल असते, दुकानदार आपणहून सांगत नाही.

कोथरूडची_अदिती
शेवटचं विचारते. भावाला जुनी गाडी घ्यायचीय, बीएस-४, २०१७ ची. हा डाँगल घेऊन गेलो तर विकणाऱ्याने काही लपवलंय का ते कळेल?

गॅरेजवाला_नाशिक
बऱ्यापैकी कळतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आहे, त्यामुळे चालेल. तीन गोष्टी बघा. पहिली, इग्निशन ऑन करून इंजिन चालू करण्याआधी चेक इंजिनचा दिवा लागतो का, लागलाच नाही तर तो कोणीतरी काढलाय किंवा बंद केलाय. दुसरी, मॉनिटर. रोज वापरातली गाडी म्हणतायत आणि सगळे नॉट रेडी, तर कोड नुकतेच उडवलेत किंवा बॅटरी काढलीय. तिसरी, ॲपमध्ये कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर असं येतं, ते बघा. तिथे १२ किलोमीटर दिसलं तर मालकाला सरळ विचारा की काल काय केलंत. उत्तर पटलं नाही तर चार दिवसांनी परत येतो म्हणा, तोवर गाडी चालवत राहा म्हणा, आणि खरंच परत जाऊन बघा. आणि मग गरम गाडीवर मागच्या सेन्सरचा ग्राफ घेऊन इथे टाका, आम्ही बघून सांगतो.